तुमचा देव घरी येत नाही का?

पत्र लिहिणारे गृहस्थ नागपूरचे आहेत, वय 46. एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेबाचं काम बघतात. तरुणपणी फादर व्हायचं म्हणून सेमिनरीत गेले आणि चार वर्षांनी सोडून घरी आले. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली, थोरली यंदा दहावीला आहे. घरात वडील आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं तुटलं. पत्नी एका शाळेत शिकवते. हे रोज सकाळी सदर भागातल्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चमध्ये, मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जातात, आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रार्थना गटाला आणि दर महिन्याला एक शनिवार-रविवार शहराबाहेर रिट्रीटला, म्हणजे एकांतातल्या प्रार्थना शिबिराला. जपमाळ किती वेळा झाली, मिस्सा किती चुकल्या, याची वहीत नोंद ठेवतात. एवढं करूनही मन कोरडं आहे. सेमिनरी हिल्सवरून गाडी नेताना आजही पोटात तुटतं, असं ते लिहितात. गेल्या महिन्यात रिट्रीटची बॅग भरत असताना पत्नी म्हणाली, "तुमचा देव फक्त तिकडंच भेटते का? घरी येत नाही का?" तेव्हापासून दोघांत अबोला आहे. रिट्रीट बंद करू का, की मुलं मार्गी लागल्यावर घर सोडून एखाद्या आश्रमात राहायला जाऊ, असं ते विचारतात. आणि शेवटी, "त्याने बोलावलं असताना मी मागे फिरलो. आता माझ्यावर त्याचं तेवढंच प्रेम असेल का?"

प्रिय बंधू,

तुमच्या पत्रात देवाविषयी पुष्कळ आहे. वडिलांविषयी तीन ओळी आहेत. पत्नीचं एक वाक्य आहे, तेही तुम्हाला लागलं म्हणून लिहिलेलं. त्या वाक्याकडे मी येणारच आहे. पण आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते, कारण रोजची धावपळ, ती वही, आश्रमाचा विचार, हे सगळं त्याच प्रश्नातून आलंय असं मला वाटतं.

सेमिनरीत मुलगा जातो तो फादर होण्याचं वचन देऊन जात नाही. हे बोलावणं आपल्यासाठी आहे का, हे पारखायला जातो. प्रार्थना, अभ्यास, वरिष्ठांची सोबत, सगळं त्यासाठीच असतं. चार वर्षांनी 'हा माझा मार्ग नाही' असं तुम्हाला प्रामाणिकपणे कळलं असेल, तर सेमिनरीने तिचं काम केलं. तुम्ही कुठलं व्रत मोडलं नाही. तुम्ही 'मागे फिरलो' असा शब्द वापरता, पण मागे फिरून तुम्ही गेलात कुठे? कामाला लागलात, लग्न केलंत, लेकरं वाढवलीत, वडिलांना घरी ठेवलंत. या वाटेवर देव नव्हता असं तुम्हाला कोणी सांगितलं?

लुई मार्टिन हे नाव तुम्हाला नवीन नसणार, फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजाचे वडील. तरुणपणी ते आल्प्सच्या डोंगरातल्या संत बर्नार्डच्या मठात संन्यासी व्हायला गेले होते. लॅटिन येत नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. लॅटिन शिकायचा प्रयत्न केला, जमलं नाही, शेवटी तो विचार सोडला आणि आलाँसाँ गावात घड्याळं दुरुस्त करू लागले. त्यांची पत्नी झेली, तिलाही तरुणपणी मठात घेतलं नव्हतं. ती लेस विणण्याचा व्यवसाय करायची, हाताखाली बायका ठेवून. 1858 मध्ये त्यांचं लग्न झालं. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली. 2015 साली चर्चने या नवराबायकोला एकत्र संत म्हणून घोषित केलं. मठाच्या दारातून परतलेली ही दोन माणसं दुकान, लेस, आजारपणं आणि लेकरांची मरणं यांतून संत झाली. आपल्याला खरी जागा मिळाली नाही, आता दुय्यम आयुष्य कसंबसं पार पाडायचं, असं मानून ते जगले असते तर तेरेजाला कसलं घर मिळालं असतं, याचा विचार करा.

म्हातारपणी लुईंना अर्धांगवायूचे झटके आले. मनाचाही तोल गेला, काही वर्षं दवाखान्यात काढावी लागली. नंतर चाकाच्या खुर्चीत घरी आले आणि 1894 मध्ये जाईपर्यंत मुलीने त्यांचं सगळं केलं. हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे.

आता त्या वहीबद्दल. तुमचा पेशा हिशेबाचा आहे, म्हणून सवयीने ठेवत असाल. पण तुम्ही लिहिता की एखाद्या महिन्यात मिस्सा जास्त चुकल्या तर पुढच्या महिन्यात जपमाळा वाढवता. हे वाचून मला वाईट वाटलं. एक जुनी बाकी आहे आणि ती तुम्ही हप्त्याहप्त्याने फेडताय, असं हे दिसतं. बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातला, उधळ्या मुलाच्या गोष्टीतला थोरला मुलगा आठवा. इतकी वर्षं तुमची चाकरी केली, एकही आज्ञा मोडली नाही, असं तो बापाला सुनावतो. तो घरातच होता, तरी स्वतःला चाकर समजत होता. बाप त्याला सांगतो की बाळा, तू नेहमी माझ्याजवळच आहेस आणि माझं आहे ते सगळं तुझंच आहे. त्याने केलेली चाकरी बाप मोजतही नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातही हाच क्रम आहे: आधी देवाने आपल्यावर प्रेम केलं, आपण करतो ते त्यानंतरचं. ती वही काही दिवस कपाटात ठेवून बघा. तिच्याशिवाय प्रार्थनेला बसताना पहिल्यांदा भीती वाटेल. ती भीती नेमकी कसली आहे, हे तुमची पापकबुली ऐकणाऱ्या फादरांशी बोला.

मन कोरडं आहे म्हणता, त्यात थकव्याचा वाटा किती, हेही तपासा. पहाटे उठायचं, दिवसभर आकडे, संध्याकाळी प्रार्थना गट, रात्री उशिरा जेवण. अशा माणसाला प्रार्थनेत काही जाणवलं नाही तर देव रुसला असं कशाला समजायचं? तेरेजा मठात राहूनही प्रार्थनेच्या वेळी पेंगायची. लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना सारखंच आवडतं, असं म्हणून तिने ते मनाला लावून घेतलं नाही.

आता तुमच्या पत्नीचं वाक्य.

ज्या कॅथेड्रलमध्ये तुम्ही रोज सकाळी जाता, ते संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचं आहे. 1887 साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. त्या काळी इथे काम करणारे मिशनरी फ्रान्समधल्या ॲनसीहून आलेले, याच संताच्या नावाच्या संघाचे, म्हणून हे नाव आपल्या सदरमध्ये आलं. तुमच्या बाबतीत हा फार चांगला योग आहे, कारण तुमच्या घरात पेटलेला वाद या माणसाने चारशे वर्षांपूर्वीच हाताळलाय. ते जिनिव्हाचे बिशप, पण जिनिव्हा प्रोटेस्टंटांच्या ताब्यात असल्याने राहायचे ॲनसीला. नात्यातल्या एका विवाहित बाईला, भक्तीचं आयुष्य कसं जगावं, याविषयी त्यांनी काही पत्रं आणि टिपणं लिहून दिली होती. त्यांतूनच 1609 मध्ये त्यांचं प्रसिद्ध पुस्तक निघालं. त्यांचं म्हणणं असं, की बिशप मठवासीयासारखा एकांतात बसू लागला, संसारी माणूस कॅपुचिन साधूसारखं काहीच गाठीला ठेवीना, किंवा कारागीर दिवसभर चर्चमध्येच राहू लागला, तर ती भक्ती हास्यास्पद होईल. जी भक्ती माणसाच्या रास्त कर्तव्याच्या आड येते, ती खोटी. आणि सैनिकांच्या तुकडीतून, कारागिराच्या दुकानातून, नवराबायकोच्या घरातून भक्तीला बाहेर काढू बघणं याला त्यांनी नुसती चूक म्हटलं नाही, पाखंड म्हटलं.

त्यांच्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्यांत जेन द शांताल होत्या. 1601 मध्ये शिकारीच्या अपघातात नवरा गेला, पदरी चार मुलं, आणि पुढे बरीच वर्षं एका तऱ्हेवाईक सासऱ्याच्या घरी राहणं. आधीच्या मार्गदर्शकाने त्यांना नेमांच्या ओझ्याखाली दाबून टाकलं होतं. फ्रान्सिसनी ते ओझं हलकं केलं. जेन यांच्या घरचे नोकर काय म्हणायचे याची एक आठवण सांगतात. आधीचे फादर बाईंना दिवसातून तीनदा प्रार्थना करायला लावायचे आणि सगळ्या घराला त्रास व्हायचा. आताचे बिशप त्यांना दिवसभर प्रार्थना करायला लावतात, पण कोणाला काही त्रास होत नाही. प्रार्थना पुष्कळ आणि घराला जाच नाही, एवढं तुमच्या घरी साधलं तर तुमची पत्नी तुमच्याशी भांडणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही लिहिता, "ती अध्यात्मिक नाही, तिला हे कळत नाही." मला याबद्दल शंका आहे. दर महिन्याच्या त्या दोन दिवसांत मामंजींना उठवून बसवणं, भरवणं, अंग पुसणं, चादर बदलणं, दहावीच्या मुलीला अभ्यासाला बसवणं, उन्हाळ्यात रात्री दहाला म्हाताऱ्याच्या खोलीतल्या कूलरमध्ये बादल्यांनी पाणी भरणं, हे कोण करतं? नागपूरचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. हे सगळं करणारी बाई देव घरी का येत नाही असं विचारते, तेव्हा तिची तक्रार देवाविषयी नसते. तुम्ही घरी असावं, एवढंच ती मागते आहे. विवाहाचा संस्कार आपल्या लॅटिन परंपरेत वधू-वर एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीने साक्षी असतात, हे तुम्ही सेमिनरीत शिकला असाल. तुम्ही नवरा म्हणून रोज तिच्याशी कसे वागता, हा त्या संस्काराचाच भाग आहे.

मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परुश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, एका गोष्टीवरून चांगलाच फटकारतो. आईबापांना जे द्यायचं ते 'देवाला वाहिलं' असं जाहीर करून लोक आईबापांच्या जबाबदारीतून मोकळे व्हायचे. त्या काळी याला कुर्बान म्हणत. तुम्ही तसे आहात असं मी म्हणत नाही, तुमच्या मनात कपट नाही हे पत्रातच दिसतं. पण तो अध्याय एकदा शांतपणे वाचा. देवाच्या नावाने दिलेल्या वेळातला काही वेळ आधीच दुसऱ्या कोणाचा होता का, एवढंच बघा.

पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीच्या विधीत, ज्यांचे पाय धुतात त्या बारा जणांत तुमची निवड होते, असं तुम्ही आनंदाने लिहिलंय. आनंद वाटायलाच हवा. पण मला विचारावंसं वाटतं, वडिलांच्या पायाची नखं कोण कापतं?

रोज सकाळी त्यांची दाढी तुम्ही करा, असं मी सुचवेन. अर्धांगवायूच्या माणसाची दाढी करायला वेळ लागतो. गेलेल्या बाजूचा गाल सैल पडलेला असतो. कातडी दोन बोटांनी ताणून धरावी लागते, नाहीतर रेझर अडतो. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत राहते, ती मधूनमधून टिपावी लागते. वाटीतलं पाणी गार झालं की बदलावं लागतं. ते बोलणार नाहीत, पण त्यांचे डोळे सतत तुमच्या तोंडाकडे असतात आणि तुमच्या हाताला घाई असली तर त्यांना पहिल्यांदा कळतं. त्या वेळी मनात येशूचं नाव घ्या किंवा काहीच म्हणू नका. सिएनाच्या कॅथरीनची घरच्यांनी प्रार्थनेची खोली काढून घेतली आणि तिला स्वयंपाकघरात जुंपलं. तेव्हा बापाला वाढताना आपण प्रभूला वाढतो आहोत, असं ती मनात धरायची. फ्रान्सिस डी सेल्सनी तिच्या दिव्य दर्शनांइतकंच तिचं ते चुलीपाशी बसणं वाखाणलंय. ती रंगाऱ्याची मुलगी, आणि मठाच्या भिंतीआडची नन कधीच नव्हती.

हा काही एखाद-दोन संतांचा खासगी विचार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1964 मध्ये चर्चविषयीच्या दस्तऐवजात एक अख्खा अध्याय यालाच दिला की पवित्रतेचं बोलावणं बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांना आहे, ज्याने त्याने आपापल्या जागी. पोप फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये शेजारच्या घरातल्या संतांविषयी लिहिलं. लेकरांना मायेने वाढवणारे आईबाप, घर चालवायला राबणारी माणसं, आजारी माणसं, अशी उदाहरणं त्यांनी दिली. बाजारात कोणाची निंदा करायचं टाळणारी, घरी दमून आल्यावरही मुलाचं बोलणं ऐकून घेणारी बाई पवित्रतेकडे चाललेली आहे, असं ते म्हणतात.

तर मग काय करायचं? आश्रमाचा विचार मी आत्ता बाजूला ठेवायला सांगेन. मुलं मार्गी लागल्यावर तुमच्या पत्नीला काय हवं असेल, हे तुम्ही तिला विचारलेलंच नाही, आणि तिच्या संमतीशिवाय तो विचार पुढे जाऊच शकत नाही. रिट्रीट एकदम सगळी बंद करू नका. रागाने किंवा अपराधीपणाने सोडलेली गोष्ट वर्षानुवर्षं डाचत राहते, आणि तो डाच पत्नीच्या माथी जातो. वर्षातून एक चांगलं, मोठं रिट्रीट ठेवा, तारखा दोघांनी मिळून ठरवा, वडिलांची सोय आधी लावा. रोजची मिस्सा आठवड्यातून एक-दोन दिवसांवर आणा, रविवार आहेच. प्रार्थना गटाची एक संध्याकाळ मुलीला द्या. आणि रोजची थोडी मूक प्रार्थना मात्र सोडू नका. फ्रान्सिस डी सेल्स संसारी माणसालाही ती करायला सांगायचेच. ती सुटली की सेवेचंही चिडचिडं काम होऊन बसतं.

रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं, संत इग्नेशियसच्या पद्धतीने दिवस आठवा. सुरुवात आभारांनी करा, पापांपासून नको. आज माझ्यावर कोणी प्रेम केलं? डबा कोणी भरला? मुलीने गणित विचारायला मलाच का निवडलं? मग, कुठे मी तोंड फिरवलं? वडिलांवर खेकसलो का? असेल तर फ्रान्सिस डी सेल्सच सांगतात की मनाला झोडपू नका, मायेने उठवा आणि पुन्हा चालू लागा. तुम्ही वहीत जे शोधत होतात, ते इथे हळूहळू दिसायला लागेल, कारण देवाचं प्रेम बहुतेक वेळा कोणाच्या तरी हातून येतं आणि धावपळीत आपण ते बघत नाही.

आणखी एक. वडिलांना घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, मिळतं का, हे पत्रात नाही. आपल्या भागातल्या चर्चमधून आजाऱ्यांकडे कम्युनियन आणलं जातं, फक्त कळवावं लागतं. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कारही केवळ मरणाच्या दारातल्यांसाठी आहे असा गैरसमज आपल्या घरांत अजून आहे. गंभीर आजारात तो घेता येतो, आणि तब्येत आणखी बिघडली तर पुन्हाही. तुमचे वडील कितीतरी दिवसांत चर्चला गेले नसतील. त्यांनाही त्याची भूक असेल आणि त्यांना ती बोलून दाखवता येत नाही.

हे उत्तर वाचणाऱ्या बायकांसाठी वेगळं लिहावं लागेल, कारण यातलं निम्मं त्यांच्याविरुद्ध वापरलं जाण्याची मला धास्ती वाटते. घरकाम हीच तुझी प्रार्थना, सासऱ्यांचं करणं हेच तुझं रिट्रीट, असं म्हणून सगळं तिच्यावर टाकणारे कमी नाहीत. एका घरातल्या दोघांपैकी एकाने सेवा करायची आणि दुसऱ्याने ध्यान, अशी वाटणी फ्रान्सिस डी सेल्सनी कुठे सांगितलेली नाही. जी बाई रोज आजारी माणसाचं करते, तिला एकटीने बसायला, झोपायला, देवाशी भांडायलासुद्धा वेळ मिळाला पाहिजे. तुम्हीच असं करणाऱ्या असाल, तर आजारी माणसाला एकटं सोडून जाता येत नसताना रविवारची मिस्सा चुकली म्हणून स्वतःला दोषी धरू नका, चर्चही धरत नाही. पण ती कायमची तुमचीच चुकत असेल आणि नवऱ्याची कधीच नाही, तर घरात बोला.

म्हणून बंधू, पुढच्या महिन्याच्या रिट्रीटला तुम्ही जाऊ नका. पैसे भरले असतील तर गेले समजा. त्या शनिवार-रविवारी वडील, मुलं आणि स्वयंपाकघर तुमच्याकडे, आणि तिला कुठे जायचंय ते तिने ठरवायचं. माहेरी, मैत्रिणीकडे, चर्चमध्ये, किंवा आतल्या खोलीत दार लावून दिवसभर झोप. कुठे चाललीस, असं विचारू नका. बॅग भरताना ती जे म्हणाली त्यावरून धरलेल्या अबोल्याबद्दल तिची माफी मागायची असेल, तर त्या शनिवारच्या आधीच मागून घ्या. हे उत्तर तिला दाखवायचं की नाही, ते तुमच्यावर. तिला स्वतःला काही लिहायचं असेल, तर तिच्या पत्रालाही मी सवडीने, सविस्तर उत्तर देईन.